आईच्या बांधीचा वारस

बाबा,

दादा गेला. तिकडे इंग्लंडात, माघ महिन्यात, दवाखान्यातच. ही बातमी द्यायला मी बसलेली नाही. तो तुमच्यापर्यंत पोचला असेलच आणि पोचल्या पोचल्या चहा मागितला असेल. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही, कारण माझा तुमच्यावर राग होता आणि तो मी नीट जपून ठेवला होता. आज लिहिते आहे ते आईच्या धानाच्या बांधीसाठी. मी दादाच्या लेकीशी खोटं बोलले, तेही तिच्या हक्काच्या गोष्टीबद्दल. हे माझ्या हातून कसं झालं ते शोधत मागे मागे गेले, आणि दर वेळी तुमच्यापाशी येऊन थांबले.

आता पटवाऱ्याला सरकारने लांबलचक नाव दिलं आहे, कॉम्प्युटर दिला आहे, पण सिहोऱ्यात लोक अजून पटवारीच म्हणतात. आणि जुनी माणसं अजून तुमची आठवण काढतात ती तुमच्या वारस लिहिण्याच्या तऱ्हेवरून. तुम्ही पटवारी असताना कोणी मेलं की जमिनीवर वारस चढवायच्या चौकशीला जायचात, ओसरीवर पुरुषमंडळी सांगतील ते ऐकून घ्यायचात, पण लिहायचात काहीच नाही. मग पाणी मागायच्या निमित्ताने सैपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहायचात आणि आतल्या बायांना विचारायचात, "आखीन कोनी हाये का वं माय? लेकी? कोनी दूर गेलेलं?" ओसरीवर तीन वारस असायचे, चुलीपाशी त्यांचे पाच व्हायचे. मला एकदा सायकलच्या दांडीवर बसवून आंबागडला नेलं होतं. मी दहा वर्षांची असेन. तिथल्या एका म्हातारीने चुलीतलं लाकूड मागे ओढत सांगितलं की एक लेक आहे, पळून गेली, आता तिचं नाव घरात कोणी घेत नाही. "पळून गेली" ऐकून मला हसू आलं. तुम्ही तिथेच, सगळ्यांदेखत, मला झापलं. "हासतं कायले? तिचं नाव मी नाही लिवलं तं कोन लिवन?" परतीच्या वाटेवर मी रडत होते आणि तुम्ही सायकल हाणत होतात. पण तुमच्याबद्दलचा अभिमान मला त्याच वाटेवर वाटला होता, हेही सांगून टाकते.

म्हणून पुढे काही वर्षांनी आलेला तो एक दिवस मला अजून गिळता येत नाही. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. माझं लग्न ठरलं होतं. मी सैपाकघरात भाकऱ्या थापते आहे, दादा नागपूरहून सुट्टीला आलेला, मागच्या अंगणात दात घासतो आहे, आणि तुम्ही दाराशी येऊन उभे राहता. अगदी परक्या घरी राहायचात तसेच. मला वाटलं पाणी हवं आहे. मी गडवा पुढे केला. तुम्ही तो घेतला नाहीत.

"पोरी, एक सही पायजे तुही. मायची बांधी भावाच्या नावानं करून टाकू. मी बी सोडतो, तू बी सोड. तू तं आपल्या घरी जाशीन."

बांधी म्हणजे फार काही नाही, बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या, खालच्या अंगाचे धानाचे चार तुकडे. पण ती आईची होती. आई एकुलती लेक, म्हणून तिच्या बापाने तिच्या नावाने करून दिली होती. बाईकडून आलेली जमीन बाईकडे जाणार नाही, असं तुम्ही मला सांगत होतात, तेही चुलीपाशी. मी विचारलं, "आन तुमी साऱ्या गावच्या लेकीयचं नाव लिवत फिरता, ते काय मंग?"

"सरकारी काम अलग रायते," तुम्ही म्हणालात. "घरचं अलग."

मी सही केली. तुमसरला ऑफिसात जाऊन केली, दोन साक्षीदारांसमोर. त्याच दिवशी बाजारातून तुम्ही मला साडी घेतलीत, जांभळी, बारीक काठाची. आपल्याकडे पद्धतच आहे, लेकीने हक्क सोडला की तिला साडीचोळी करायची, म्हणजे सोडलं ते राजीखुशीने सोडलं असं चारचौघांत दिसतं. ती साडी मी एकदाही नेसले नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, "नेसत काऊन नाहीस?" मी म्हटलं, रंग मला शोभत नाही. रंग चांगला शोभला असता, बाबा.

पुढे सगळं तुमच्या मनासारखं झालं आणि काहीच तुमच्या मनासारखं झालं नाही. जमीन एका जागी राहिली, पण ज्याच्या नावाने राहिली तो समुद्रापार गेला. तिथेच नोकरी, तिथल्याच बाईशी लग्न, एक लेक, मग फारकत. पुढे तो तिथला नागरिक झाला. मी गावातच दिलेली, शाळामास्तरीण. तुम्ही गेल्यावर बांधी कोण पाहणार, तर मी आणि आमचे हे. हे गेल्यावर एकटी मी. रोपांसाठी पऱ्हे टाकणं, मग चिखलात रोपं लावायचा रोवणा, त्यासाठी बायांना आवाज देत फिरणं, बोडीच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी भांडण, हे सगळं मी केलं. दादा फोनवर म्हणायचा, "तूच पाय ना, मले काय कराचं हाये तिचं?" असं तो वर्षानुवर्षं म्हणाला, पण कागदावर एक ओळ दिली नाही. पटवाऱ्याचा लेक असून! मीही मागितली नाही. मागायची लाज वाटली; आणि खरं सांगायचं तर, तो आपणहून देईल याची वाट पाहत होते.

फाल्गुनात त्याची लेक राख घेऊन आली. विमानतळावर मी पाटी घेऊन उभी, आणि ही उंच पोरगी येऊन मला बिलगली आणि म्हणाली, "आत्या, तू तं बाबासारखीच दिसून राहिली." मी थक्क झाले. दादाने तिला पुस्तकातलं नाही, आपल्या घरातलं मराठी शिकवलं होतं. उच्चार गोऱ्या मडमेचा आणि शब्द सिहोऱ्याचे. वैनगंगेवर तिने गुडघाभर पाण्यात उभं राहून राख सोडली, भटजी सांगेल तसं सगळं केलं, आणि बाहेर आल्यावर विचारलं, "आता बाबा कोनत्या बाजूनं जाईन?" मी हात करून दाखवलं. मग बांधीवर गेलो. चप्पल काढून ती बांधाच्या धुऱ्यावरून चालली. ढेकळं टोचत होती तरी चालत राहिली. म्हणाली, "बाबा रोज सांगे या जागेचं. मले वाटे, लय मोठी असन." आणि हसली. मला तिच्यावर इतकी माया आली की काय सांगू. हे लक्षात ठेवा, बाबा. पुढचं वाचताना लागेल.

ती निघाली त्या दिवशी मी तिला साडी दिली. घरची लेक रिकामी पाठवायची नाही, म्हणून दिली. हिरवी, तुमसरहूनच आणलेली. पण मी ती घरात दिली नाही. अंगणात दिली, शेजारपाजारचे सगळे जमले होते तेव्हा, कुंकू लावून, ओटी भरून. माझ्या मनात तेव्हा काय होतं हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. माया होती, हे खरं. पण अंगणात सगळ्यांदेखत लेकीला साडी दिली की गाव काय समजतं, हे मला माहीत नव्हतं असं मी तुम्हाला तरी कशी सांगू? तिने ती साडी ड्रेसवरूनच गुंडाळली, फोटो काढले, आणि गाडीत बसताना म्हणाली, "एवढी चांगली वस्तू मले कोनी नाही देली आतापर्यंत."

वैशाखात तिचा फोन आला. तिकडे माणूस मेला की त्याने मागे ठेवलेल्यावर सरकार कर घेतं. आपल्याकडे असा कर होता, तो कधीचाच उठला. तिकडे चालू आहे. एका मर्यादेच्या वर असेल तर भरायचा, आणि हिशोबात फक्त तिथलं घर नाही, मेलेल्याचं जगात जिथे जे असेल ते सगळं धरायचं. दादाने मृत्युपत्र केलं होतं, सगळं लेकीला. आता ती फॉर्म भरत बसली होती. "आत्या, त्यायनं विचारलं हाये, परदेशात काई हाये का. मंग ते सिहोऱ्याचं वावर लिवू का? त्याची किंमत काय सांगू?"

मला आधी हसू आलं, तुम्हालाही आलं असतं. आईच्या बांधीवर, जिथे दर पावसाळ्यात खेकडे धुरा पोखरतात, इंग्लंडचं सरकार कर मागतंय! मग हसू ओसरलं, कारण तिच्या प्रश्नातलं दुसरं मला कळलं. ती विचारत होती, ते वावर माझं आहे का.

आणि मला उत्तर माहीत होतं, बाबा. तिचा फोन येण्याआधीच मी भंडाऱ्याच्या एका वकिलाकडे जाऊन आले होते. त्याने चष्मा पुसत पुसत मला सगळं समजावलं होतं. बाहेरदेशच्या नागरिकाला इथली शेतजमीन विकत घेता येत नाही. पण वारसाने आली तर येते. दादाला ती तो इथला होता तेव्हा मिळाली, सरळ मिळाली. त्याच्या लेकीकडे मूळ भारतीय वंशाचं ओसीआय कार्ड आहे. म्हणजे बांधी तिची. पुढे कधी विकायची झाली तर इथल्याच माणसाला विकावी लागेल, एवढंच. "आन बहीन?" मी विचारलं. तो म्हणाला, "बाई, लेक जिवंत असताना बहिनीचा नंबर लागत नाही." एवढ्या वर्षांचा रोवणा, आणि माझा नंबर लागत नाही.

तर फोनवर मी तिला म्हटलं, "नाही वं बाई. बाहेरदेशच्या मानसाच्या नावानं इथं शेती होतच नाही. कायदाच हाये तसा. तू नको लिवू काही."

ती म्हणाली, "हाव का? ठीक हाये मंग. बरं झालं तुले विचारलं."

इतकं सोपं होतं ते. मला वाटलं होतं ती उलटून विचारेल, तिथल्या वकिलाला दाखवीन म्हणेल. तिने सरळ विश्वास ठेवला, कारण मी तिच्या बापाची बहीण होते. त्या रात्री मी पोटभर जेवले आणि झोपलेही. दुसऱ्या आठवड्यात तुमसरला जाऊन शपथपत्र टाइप करून आणलं, की मयताला माझ्याशिवाय दुसरा वारस नाही. टाइप करणाऱ्याने विचारलं, "बस, एकच नाव?" मी म्हटलं, एकच. स्वतःची समजूत मी व्यवस्थित घातली होती. ती कुठे येणार आहे चिखलात उतरायला? आईची बांधी आईच्या लेकीकडे येते आहे, उशिरा का होईना. बाबांनी केलेली चूक मी निस्तरते आहे. बघा, त्यातही तुम्हालाच पुढे केलं.

वारस-नोंदीची चौकशी आषाढात लागली, ऐन रोवण्यात. चावडीवर नवी पटवारीण, पस्तिशीची, हुशार बाई, पुढ्यात लॅपटॉप. पंच म्हणून गावातले तिघे, त्यात आपले शेजारचे काका. आता नव्वदीला टेकले आहेत, ऐकू कमी येतं, बोलणं कमी झालेलं नाही. मी चिखलाच्या पायांनीच गेले होते. पिशवीत शपथपत्र. बाकावर बसून माझ्या वेळेची वाट पाहते आहे, आणि मोबाइलवर तिचा मेसेज येतो. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, तिची सवय. फॉर्म पूर्ण झाला. परदेशात काही आहे का, तिथे 'नाही' लिहिलं. खाली सही करायची आहे. वकील म्हणाला, नीट आठवून सही कर, खोटं निघालं तर दंड होतो, जास्तीचंही काही होऊ शकतं. "म्हून तुले एक डाव विचारून घेतो, आत्या. पक्कं ना? तू पक्कं म्हनशीन तं आजच सही करतो."

बाबा, तोवर मी एवढंच धरून चालले होते की तिचं काही जात नाही. जे तिला ठाऊकच नाही ते गेलं तर तिला काय? आता माझं खोटं ती आपल्या सहीने तिथल्या सरकारला लिहून देणार होती. दंड झाला तर तिला झाला असता, नाव खराब झालं असतं तर तिचं. मी इथे बांधीत वाकून धान लावत राहिले असते. फोन तसाच पिशवीत टाकला, शपथपत्राच्या वर.

"मयताचे वारस?" पटवारीणबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "हे हाये ना, बहीन. हिच्याच वहितीत हाये सारं."

"मुलंबाळं नव्हती त्यांना?"

"एक पोरगी हाये तिकडं. पन तिनं सोडलं." काकांनी हात उडवला. "आमच्या डोयासमोर साडी घेतली. हिरवी होती. माह्या सुनेनं पाह्यलं. हसत हसत घेतली पोरीनं."

बाकीचे दोघे माना डोलावतात. कोणी खोटं बोलत नव्हतं, हे लक्षात घ्या. त्यांनी पाहिलं होतं तेच ते सांगत होते. पटवारीणबाई म्हणाल्या, "साडीवर नोंद नाही होत काका, कागद लागतो." आणि माझ्याकडे वळल्या. "तुमचं शपथपत्र आणलंत ना?"

पिशवी मांडीवर होती. हात आत घातला की कागद. मला त्या वेळी तुमची आठवण झाली असती तर गोष्ट शोभून दिसली असती. पण तुम्ही नाही आलात. मला दिसत होती ती पोरगी, ड्रेसवर साडी गुंडाळून गाडीच्या काचेतून हात हलवणारी. तिला त्या साडीचा अर्थ माहीत नव्हता. मला माझ्या साडीचा अर्थ माहीत होता, आणि तो माहीत असताना मी तिला दिली. मला तुमची लाज वाटायची एवढी वर्षं. चावडीत बसून मला माझीच वाटली.

"सोडलं नाही तिनं," मी म्हटलं. आवाज फारच मोठा निघाला असावा, कारण काकांनाही ऐकू गेलं. "तिले कोनी विचारलंच नाही. वारस तेच हाये, एकटीच. लिवा तिचं नाव." आणि मी अक्षर अक्षर करून तिचं नाव सांगितलं. बाईंनी दोनदा स्पेलिंग विचारलं. काका म्हणाले, "मंग तुले काय राह्यलं वं?" शपथपत्र पिशवीतच ठेवून मी उठले. तिचं नाव चढलं की ती बांधी विकू शकते, ठेक्याने देऊ शकते, मला कर म्हणू शकते किंवा नको म्हणू शकते. मला पाण्यावरून भांडायचाही हक्क उरलेला नाही. मला वाईट वाटतं, बाबा. खूप वाईट वाटतं. बरोबर वागलं की हलकं वाटतं असं मी शाळेत पोरांना अनेक वर्षं सांगत आले. मला अजून तसं वाटलेलं नाही.

चावडीच्या पायरीवर बसून मी तिला फोन लावला. तिकडे सकाळ होती, ती चहा पीत होती. म्हटलं, सही करू नको, थांब. वावर लिही फॉर्ममध्ये. तुझंच आहे ते. किमतीचा कागद मी काढून पाठवते.

"पन तू तं म्हनली होती कायदा नाही म्हून?"

इथे मला सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं होतं सांगायला. पायरीवर दुसरं कोणी नव्हतं, समोर रस्त्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या भरलेला ट्रॅक्टर उभा होता. आणि मी म्हटलं, "तो नियम बदलला वं. आता नवीन निघाला. मी चौकशी केली."

"हाव?" ती म्हणाली. मग एकदम हळू, "माह्यासाठी तू एवढ्या ऑफिसात फिरली, आत्या? ऐन रोवन्यात? तुले लय तरास झाला असन ना."

आणि बाबा, मी म्हटलं, "हाव. झाला थोडा."